वर्धा : वास्तू, कला आणि आहार

एखाद्या नगराची ओळख तेथील गगनचुंबी मंदिरे, राजवाडे आणि पक्वान्ने यांवरून करून देण्याची प्रथा आहे. वर्ध्याला हे माप लागू पडत नाही. येथील सर्वांत प्रसिद्ध वास्तू मातीची आहे आणि येथील गाजलेला आहार मसाल्याविना शिजणारा आहे. तथापि, जे जवळ मिळते आणि शेजारच्या हाताला काम देते, त्यातूनच जीवन सुंदर करता येते, हा विचार याच जिल्ह्याने देशापुढे ठेवला.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात आले. विदर्भातच दुसरे शेगाव असल्याने टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. येथील आदिनिवास आणि बापूकुटी यांच्या उभारणीत मीराबेन यांचा वाटा मोठा होता. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू, एवढेच साहित्य. मातीच्या जाड भिंती वैदर्भीय उन्हाळ्याचा ताप अडवितात. पुढे आलेले छप्पर त्याच भिंतींना पावसापासून राखते. भिंतीवरील ताडवृक्ष, चरखा आणि ओम् मीराबेन यांनी मातीतच उठविले. लिंपणाचीच माती येथे चित्र झाली. १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी आपल्या भाषणाचा विषयच ही कुटी केला होता.

हेच सूत्र स्वयंपाकघरातही दिसते. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली मगनवाडीतून त्याचे काम चालले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा तेथे पुरस्कार झाला. गिरणीत तांदळाला झिलई देताना कोंड्याबरोबर पोषक द्रव्येही जातात आणि कांडणाऱ्या स्त्रीची मजुरीही जाते, असे हे दुहेरी नुकसान होते. ग्रामोद्योगांची साधने सर्वांना पाहता यावीत म्हणून १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडण्यात आले. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे दिवस गोसेवेला वाहिले. १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. गाईच्या तुपाचा खुसखुशीत गोरसपाक आजही वर्ध्याहून परतणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत असतो.

साधेपणाचे कलेशी वैर असते, हा समज धाम नदीकाठच्या पवनारला दूर होतो. विनोबा १९३८ मध्ये तेथे राहावयास आले. आश्रमाच्या जमिनीत खणताना प्राचीन मूर्ती मिळाल्या. त्यांतील एका शिल्पात विनोबांना भरत-राम भेटीचे दर्शन घडले. महामहोपाध्याय मिराशी यांनी पवनार हीच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असे प्रतिपादन केले. अन्य अभ्यासकांचा कल मनसरकडे आहे. जमिनीतून निघालेल्या या मूर्ती दूरच्या संग्रहालयात गेल्या नाहीत. त्या आश्रमाच्या नित्यजीवनाचा भाग झाल्या. गोपुरीत १९८० मध्ये उभे राहिलेले गीताई मंदिर तर छपरावाचून आहे. तेथे शिळांवर कोरलेली गीताई हीच भिंत आणि हीच मूर्ती.

मात्र या वारशाला एक धोका आहे. मातीचे घर दरवर्षी हात मागते. भिंत लिंपावी लागते, कवेलू फेरावे लागतात. आसपासच्या खेड्यांत सिमेंटची घरे वाढली, तसे हे काम जाणणारे हात कमी होत चालले. घाणीचे तेल आणि हातसडीचा तांदूळ यांचीही तीच गत आहे. बापूकुटी जतन करावयाची, तर ती लिंपणारा गवंडी आणि कवेलू भाजणारा कुंभार यांनाही काम मिळाले पाहिजे. अन्यथा कुटी राहील, परंतु ती पुन्हा बांधता येणारा माणूस जिल्ह्यात उरणार नाही. वर्ध्याला येणाऱ्याने कुटीपुढे नतमस्तक व्हावेच. परतताना घाणीचे तेल किंवा कुंभाराघरचे मडकेही सोबत न्यावे.