चोवीस मुलांची शाळा जोखताना

युवक अभ्यास शिबिरातील भाषणाचं शब्दांकन



मला दिलेला विषय असा आहे : आपल्या गावातली छोटी सरकारी शाळा चांगली की वाईट, हे आपण कसं ठरवायचं? मी शिक्षक नाही. पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. पण गेल्या वर्षी माझ्या आपाने फोन करून मला हाच प्रश्न विचारला. तिची मुलगी सहावीत गेली होती, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत. शेजारची मुलं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसायला लागली होती. आपा म्हणाली, "तू शिकलेला आहेस, आकडे बघून सांग. ठेवू की काढू?"

आकडे बघून सांगता येत नाही, हे मला आकडे बघितल्यावरच कळलं. आज त्याबद्दलच बोलतो.

आधी शाळेचं चित्र. कोकणातलं गाव. निम्मी घरं मुंबई, मुंब्रा नाहीतर आखातात, त्यामुळे मोहल्ल्यात बंद दारं जास्त आणि मुलं कमी. शाळा आठवीपर्यंत. सहावीत नऊ, सातवीत सात, आठवीत आठ, म्हणजे वरच्या तीन वर्गांत मिळून चोवीस. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक हवा. आमच्याकडे दोन आहेत.

चोवीस हा आकडा लक्षात ठेवा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी पट असेल तर शिक्षकाचं पदच मंजूर होणार नाही, अशी अट आणली. शिक्षक संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, प्रकरण कोर्टातही गेलं. अटीचं पुढे जे व्हायचं ते होवो, आमच्या गावापुरतं गणित सरळ आहे. पाच मुलं व्हॅनमध्ये बसली की राहतात एकोणीस. म्हणजे मी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर "शाळा बेकार आहे" एवढे तीन शब्द टाकले आणि पाच घरांनी ते मनावर घेतले, तर शाळा खरोखरच बेकार होईल. मोठ्या शहरातल्या शाळेला तुमच्या-माझ्या मताने काही होत नाही. छोट्या शाळेचं मूल्यमापन म्हणजे विहिरीत उतरून पाणी मोजण्यासारखं आहे, आपल्या उतरण्यानेच पातळी हलते.

आता आकड्यांचा घोळ. आमच्या शाळेत एका वर्षी आठवीच्या आठ मुलांपैकी तिघं एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत पास झाली. गावात सत्कार झाला, जमातीने पेढे वाटले. पुढच्या वर्षी एकही नाही. लगेच चर्चा सुरू : सरांचं लक्ष राहिलं नाही, शाळा खालावली.

आठ नाणी घ्या आणि उडवा. सरासरी चार छापे पडायला हवेत. पण बरोबर चार किती वेळा पडतात? साधारण चारात एकदा. दोन किंवा त्याहून कमी छापे सुमारे सातात एकदा पडतात आणि सहा किंवा जास्त पडण्याची शक्यताही तेवढीच. आता नाण्याच्या जागी मूल ठेवा, ज्याला भागाकार येण्याची शक्यता निम्मी आहे. तोच शिक्षक, तेच शिकवणं, तरी निकाल एका वर्षी २५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ७५ टक्के लागू शकतो. एका मुलाला ताप आला तर साडेबारा टक्के गेले. अशा टक्केवारीवर शाळेची चढ-उतार ठरवणं म्हणजे नाण्यावर रागावणं.

हा घोळ आपल्याकडचाच आहे असं समजू नका. अमेरिकेत बिल गेट्स यांच्या फाउंडेशनने छोट्या शाळांवर प्रचंड पैसा लावला, कारण उत्तम शाळांच्या यादीत छोट्या शाळा खूप दिसत होत्या. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली एका लेखात पेनसिल्व्हेनिया राज्याचे निकाल मांडून दाखवलं की सगळ्यात खालच्या शाळांच्या यादीतही छोट्या शाळाच जास्त होत्या. मुलं कमी असली की निकाल दोन्ही टोकांना जातो. खालची यादी बघायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

आमच्या शाळेत अशी एकतर्फी यादी भिंतीवरच आहे. माजी विद्यार्थी म्हणून तिथे माझा फोटो लावलाय. सातवीपर्यंत मी तिथे शिकलो, पुढे इंजिनीअर झालो, म्हणून शाळा चांगली! माझ्या वर्गात आम्ही अकरा होतो. उरलेल्या दहांचे फोटो कुठे आहेत? त्यातल्या चार मुलींपैकी दहावीला किती बसल्या? फोटो काढा असं मी मुख्याध्यापकांना म्हणालो, ते हसले. अजून आहे तो.

मग बघायचं काय? मी दोन दिवस शाळेत जाऊन बसलो. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, आपाला बरोबर घेऊन, कारण ती पालक आहे आणि शाळा तिची आहे. तुम्हीही तसंच करा. तपासणीला आलेल्या साहेबासारखे जाऊ नका. या शिक्षकांनी तसले साहेब भरपूर पाहिलेत.

सगळ्यात जास्त माहिती मिळाली ती मुलांच्या वह्यांमधून. आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी लॉग वाचतात, कधी काय घडलं याची नोंद. मुलाची वही म्हणजे तसा लॉग. त्यातल्या तारखा बघत जा. सातवीच्या विज्ञानाच्या वहीत ऑगस्टनंतरची तारीख थेट डिसेंबरची होती. एका वहीत असती तर मूल आजारी असेल म्हटलं असतं, सातही वह्यांत तेच. विचारलं तर कळलं, विज्ञानाच्या सरांना तीन महिने दुसऱ्या शाळेत कामगिरीवर पाठवलं होतं आणि त्याआधी ते मतदार यादीच्या कामाला होते. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवं. हजेरीपटावर दिवस पूर्ण भरतात, कारण शाळा उघडीच असते. वही मात्र खोटं बोलत नाही. त्या तीन महिन्यांत शाळा वाईट होती का? शिक्षक वाईट होता का? मोहल्ल्यात दोष सरांवर आला होता. खरं तर प्रश्न तालुक्याच्या कार्यालयात विचारायला हवा होता आणि तो कुणी विचारलाच नव्हता.

गणिताच्या वहीत वेगळं दिसलं. चूक झालेल्या उदाहरणाखाली तेच उदाहरण मुलाने पुन्हा सोडवलेलं, त्याखाली सरांची सही. पानापानावर नाही, पण बऱ्याच ठिकाणी. लाल शाईने नुसत्या बरोबरच्या खुणा मारलेल्या वह्या मी व्हॅनवाल्या शाळेतल्या मुलांच्या घरी पाहिल्या. फार सुंदर वह्या, कव्हर घातलेल्या. फळ्यावरून उतरवलेलं उत्तर, प्रत्येकाचं एकसारखं.

मुलांना मी दोनच गोष्टी विचारल्या. एक म्हणजे तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं. 'प्रथम'ची 'असर' पाहणी गावोगावी हेच विचारते आणि अलीकडच्या पाहण्यांत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी निम्म्यांहूनही कमी मुलांना ते जमलं होतं. दुसरं, दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश, आणि तुला कसं कळलं? उत्तरापेक्षा 'कसं कळलं' महत्त्वाचं. आठवीच्या आठपैकी सहांना भागाकार आला. अपूर्णांकाचं कारण तिघांनाच सांगता आलं, पण त्यातल्या एका मुलीने जमिनीवर खडूने भाकरीचे बारा तुकडे काढून दाखवले, एकीकडे आठ, दुसरीकडे नऊ. तेच प्रश्न मी व्हॅनने जाणाऱ्या सहा मुलांना विचारले. भागाकार चौघांना आला, कारण एकालाच सांगता आलं. आता, सहा आणि आठ मुलांच्या जोरावर मी तुलना करायला लागलो तर मघाचं नाण्यांचं भाषण वाया गेलं. म्हणून एवढंच म्हणतो : इंग्रजी शाळा नक्की पुढे आहे, असं मला दिसलं नाही. आपाला एवढं पुरेसं होतं.

शाळेची खरी कमजोरी निघाली मराठीत. बालभारती आठ माध्यमांत पुस्तकं छापते, उर्दूचं पुस्तक चांगलं आहे आणि मुलं ते छान वाचतात. पण मी ग्रामपंचायतीच्या फलकावरची ग्रामसभेची नोटीस वाचायला दिली तर आठवीतली मुलं अक्षर अक्षर जोडत होती. 'ठराव' आणि 'इतिवृत्त' कुणालाच कळलं नाही. पुढे तलाठ्याकडे, बँकेत, पोलीस ठाण्यात, स्पर्धा परीक्षेत हीच भाषा आहे. उर्दू माध्यम असणं हा दोष नाही, आईच्या जवळच्या भाषेत शिकणं ही ताकद आहे. मात्र उर्दू शाळेतली मराठी आपण गुण मिळवण्यापुरती ठेवली, तर मूल स्वतःच्या गावच्या सभेत परकं होतं. आपल्या समाजात कुणी हे बोललं की त्याला लगेच उर्दूविरोधी ठरवतात. ठरवू द्या.

सुविधांचं पटकन सांगतो. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, त्यावरून शाळेची माहिती ऑनलाइन दिसते. मुलींचं स्वच्छतागृह : होय. आमच्याकडेही होय. कुलूप होतं, किल्ली ऑफिसात, पाण्याची टाकी रिकामी. मुलगी किल्ली मागायला ऑफिसात जाईल का, हे त्या रकान्यात लिहिता येत नाही.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी कुठल्याच अहवालात नाही. आठवीनंतर काय? आमच्या गावापासून उर्दू हायस्कूल बारा किलोमीटरवर, मराठी हायस्कूल चारवर. छोट्या शाळेचा एक फायदा असा की इथे टक्केवारी काढावी लागत नाही, नावंच लिहिता येतात. मी आणि आपाने मागच्या तीन वर्षांत आठवी पास झालेल्या मुलांची यादी केली. एकूण बावीस नावं, एका पानात मावली. समोर लिहिलं : आज कुठे आहे? सतरा जण शिकत आहेत. दोन मुलगे मुंबईत काकांच्या दुकानात. तीन मुली घरी. तिघींपैकी एक तीच, जिला एनएमएमएस मिळाली होती. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांना ही परीक्षा देता येते, विनाअनुदानित खासगी शाळांतल्या नाही. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण मूल नववीत गेलं तर! सकाळची एसटी सव्वासहाला, हायस्कूल अकराला, म्हणून घरच्यांनी नको म्हटलं. ज्या मुलीच्या नावाने पेढे वाटले, ती घरी बसली आणि गावाला पत्ता नाही.

ही शाळेची चूक म्हणायची का? मुख्याध्यापक म्हणाले, दाखला दिला की आमची जबाबदारी संपते. मला ते पटलं नाही, पण त्यांना एकट्याला दोष देणंही पटत नाही. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आमच्याकडे कागदावर आहेत. महिला सदस्यांच्या सह्या त्यांच्या घरी जाऊन घेतल्या जात होत्या. आपाला आपण सदस्य आहोत हे यादी मागितल्यावर कळलं!

तर ती मुलीला शाळेतून काढणार नाही, निदान या वर्षी. तिने हे माझ्या सांगण्यावरून ठरवलेलं नाही, वह्या तिने स्वतः पाहिल्या. पण तिने तीन गोष्टी समितीत मांडल्या. कामगिरीवर शिक्षक पाठवला की त्याच आठवड्यात समितीला लेखी कळवायचं. शनिवारी एक तास मराठी वर्तमानपत्राचं वाचन, त्यासाठी गावातल्या मराठी शाळेच्या बाईंनी हो म्हटलंय. स्वच्छतागृहाची किल्ली मुलींकडे. तिसरी लगेच मान्य झाली, दुसरी सुरू झालीय, पहिलीवर "बघू" असं उत्तर मिळालं. तालुक्याला अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

तुमच्यापैकी जे आपल्या गावी जाणार आहेत, त्यांनी नावांचं ते पान आधी करा, बाकी सगळं नंतर. आमच्या पानावरच्या तीन मुलींपैकी एकीने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायचं ठरवलंय. दुसरीचं लग्न ठरलंय. तिसरीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीवाल्या मुलीच्या अब्बांशी पुढच्या रविवारी बोलणं आहे. चार किलोमीटरवरच्या मराठी हायस्कुलात ती सायकलने जाऊ शकते, सोबतीला दोघी आहेत. मराठी झेपेल का, एवढीच तिला भीती आहे. शनिवारच्या तासाला ती आता येऊन बसते.