पदवीचा प्रश्न आणि कष्टकऱ्यांची मुले

(कुरकुंभ, ता. दौंड, येथे युवक व पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज बोलण्यासाठी दिलेला विषय असा आहे : 'आयुष्यात यशस्वी होण्यासाठी कॉलेजची पदवी आवश्यक आहे काय?' विषय वक्तृत्वस्पर्धेला शोभण्यासारखा आहे, आणि सारा जन्म अर्थशास्त्र शिकविण्यात गेल्यामुळे दोन्ही बाजूंनी तासभर बोलण्याची सवय मला आहे. परंतु आज तसे बोलता येणार नाही. गेल्या महिन्यात फिरंगाईच्या देवळाजवळ एका बाईंनी मला थांबविले आणि विचारले, "सर, दीड एकर राहिलंय. ते विकून पोराला पुण्याला इंजिनिअरिंगला घालू का?" मी त्यांना उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो, एवढेच म्हणालो. आजचे माझे भाषण हे त्या बाईंना द्यावयाचे उत्तर आहे. त्या येथे आलेल्या आहेत.

प्रथम माझ्या घरातील गोष्ट सांगतो. माझे वडील दौंडच्या रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले होते. एवढ्या शिक्षणावर त्यांना कायम नोकरी होती, आजारपणात उपचार होते, निवृत्तीनंतर पेन्शन होते आणि थोरल्या मुलाला एम. ए. करण्याइतकी ऐपत होती. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, तेव्हा मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. वीस दिवस चाललेल्या त्या संपात वडील होते. त्यांच्या बरोबरीच्या लोकांपैकी पदवीधर एकही नव्हता. तरीही आपल्या कामाला काय किंमत असावी, हे मालकासमोर उभे राहून सांगण्याची धमक त्यांच्यात होती.

आता दुसरे चित्र पाहा. येथून हाकेच्या अंतरावर औद्योगिक वसाहत आहे. तेथील एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. तो रसायनशास्त्राचा बी. एस्सी. आहे. त्याच पाळीत दहावी नापास झालेले एक गृहस्थ चौदा वर्षे काम करीत आहेत. रिॲक्टरच्या नुसत्या आवाजावरून आत काय बिघडले आहे हे ते सांगू शकतात, असे माझा विद्यार्थी म्हणतो. हे दोघेही ठेकेदाराच्या हजेरीपटावर 'हेल्पर' आहेत आणि दोघांची रोजची मजुरी सारखीच आहे. एकाच्या पदवीसाठी त्या हजेरीपटात रकाना नाही आणि दुसऱ्याच्या चौदा वर्षांसाठीही नाही. ठेकेदार बदलला की दोघांचीही नोकरी कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

या दोन चित्रांत फरक कशाचा आहे? शिक्षणाचा म्हणावा, तर तो उलट्या दिशेने आहे. चौथी शिकलेला मनुष्य सुरक्षित होता आणि बी. एस्सी. झालेला असुरक्षित आहे. बदल झाला आहे तो नोकरीच्या स्वरूपात. कंत्राटी कामगारांसंबंधीचा कायदा संसदेने १९७० साली केला. त्याच्या नावात नियमनाबरोबर निर्मूलन हाही शब्द होता. निर्मूलन कोणाचे झाले, हे तुम्ही मला सांगावयास हवे.

आमच्या अर्थशास्त्रात या प्रश्नावर दोन मते आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, शिक्षण हे मानवी भांडवल आहे. त्याने माणसाची उत्पादनक्षमता वाढते आणि म्हणून त्याचे वेतन वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली निराळाच विचार मांडला. मालकाला उमेदवाराची खरी योग्यता कळत नाही, म्हणून तो पदवी ही खूण मानतो. पदवीने माणूस अधिक कुशल होवो वा न होवो, रांगेत कोणाला पुढे घ्यावयाचे हे तिच्यावरून ठरविता येते. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार अशी स्थिती झाली, म्हणजे दुसरे मत अधिक खरे ठरू लागते. काम तेच राहते, मात्र काल ज्या जागेला दहावी पुरत होती तिला आज बारावी लागते आणि उद्या पदवी लागेल. सभेत पुढच्याने उभे राहून पाहिले की मागच्यालाही उभे राहावे लागते. शेवटी सगळेच उभे राहतात आणि दिसते मात्र पूर्वीइतकेच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांनी भारतातील रोजगाराविषयी २०२४ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. या आकड्यांवरून काही लोक घाईने असा निष्कर्ष काढतील की, शिकण्यापेक्षा न शिकणे बरे. तो निष्कर्ष चुकीचा आहे. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर त्याला पत्करावे लागते. पदवीधराच्या मागे आईबापांनी काढलेली काही वर्षे असतात, म्हणून तो थांबू शकतो.

शासन स्वतः या कागदाला कशी किंमत देते तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये तरुणांसाठी कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णास दरमहा ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन ठरविले. म्हणजे पदवीमुळे बारावीहून जी वाढ झाली ती महिन्याला ४ हजारांची, आणि तीही मुदतीपुरती. दीड एकराच्या किमतीशी हा हिशेब ताडून पाहावा.

"मग पदवी नकोच," असे म्हणणारा एक वर्ग अलीकडे बोलू लागला आहे. पदवी नसताना मोठे झालेल्यांची उदाहरणे तो देतो. आपणही ती नीट तपासू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारला तो इंजिनिअरची पदवी घेऊन नव्हे. परंतु औंधच्या अधिपतींनी त्यांना जमीन दिली होती. विठ्ठलराव विखे पाटील फारसे शाळेत गेलेले नव्हते. तरी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, कारण हजारो शेतकऱ्यांचे भाग त्यांच्यामागे होते आणि केंब्रिजला शिकलेले धनंजयराव गाडगीळ त्यांच्या शेजारी बसून हिशेब पाहत होते. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट्. दिली.

या प्रत्येकाजवळ पदवीच्या जागी दुसरे काहीतरी होते. कोणाजवळ जमीन व भांडवलाचा आधार होता, तर कोणाजवळ संघटित माणसांचे बळ. आणि हेही पाहा की, ज्या भाऊरावांना पदवी नव्हती, त्यांनी रयतेच्या मुलांना 'पदवीवाचून चालते' असे सांगितले नाही. त्यांनी 'कमवा आणि शिका' ही वाट काढून दिली आणि १९४७ साली साताऱ्याला महाविद्यालय उघडले.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याच्यामागे भांडवल नाही, त्याला या समाजात मानाने उभे राहण्यास दोनच आधार आहेत : एक पदवी आणि दुसरा संघटना. माझ्या वडिलांजवळ पहिला नव्हता, दुसरा होता. गेल्या चाळीस वर्षांत दुसरा आधार काढून घेण्यात आला, म्हणून पहिल्याभोवती एवढी गर्दी झाली आहे. आणि गर्दी झाली की दुकानदार आलाच. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ग्रामीण मुलांना परप्रांतात जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू मी नाकारीत नाही. परंतु अवघ्या चार वर्षांत, १९८७ साली, देणगीशुल्कास बंदी करणारा कायदा राज्याला करावा लागला. यावरून त्या वाटेवर काय उगवले ते ध्यानात यावे.

'पदवी अनावश्यक आहे' हा उपदेश कोण कोणाला करतो, याकडेही लक्ष द्यावे. तो करणाऱ्यांची स्वतःची मुले पदवी घेतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी हेच दाखवून दिले होते : सरकारी तिजोरीत पैसा रयतेच्या कष्टाचा आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरांना. त्यानंतर अनेक पिढ्यांनी धडपडून आपल्या मुलांना महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणले. नेमक्या त्याच वेळी 'आत काही नाही' असे त्यांना सांगणे, हा प्रामाणिक सल्ला नव्हे. पदवीने केवळ नोकरी मिळते असेही नाही. माझ्या वर्गात आलेल्या मुलाला सातबारा, अंदाजपत्रक आणि ठेकेदाराचा करार वाचता यावा, अशी माझी खटपट असे. ती शक्ती कोणाही कष्टकऱ्याच्या मुलास नाकारता कामा नये.

आता कुरकुंभपुरते बोलतो. उद्योगांत किमान ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना आणि पर्यवेक्षकीय जागांपैकी किमान ५० टक्के स्थानिकांना, असे धोरण राज्याच्या २००८ च्या शासन निर्णयात नमूद झाले. परंतु त्यात 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेला. ज्यांच्या जमिनी वसाहतीत गेल्या, त्या कुरकुंभ-पांढरेवाडीच्या मुलांना त्यात निराळे स्थान नाही. पर्यवेक्षकाची जागा पदवी वा पदविकेवाचून मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा आपली मुले कायम गोणी उचलणारी राहू नयेत, असे वाटत असेल तर त्यांनी शिकलेच पाहिजे. पण शिक्षण जमीन विकूनच घ्यावे लागते, असे नाही.

जर्मनीत तरुणाला कारखान्यात उमेदवारी करता करता शाळेत शिकता येते आणि अखेरीस त्याला देशभर मान्य होणारे कसबाचे प्रमाणपत्र मिळते. १९६९ च्या कायद्याने तेथे ही पद्धत पक्की केली आणि अभ्यासक्रम ठरविण्यात कामगार संघटनांना वाटा दिला. आपल्याकडे उमेदवारीचा कायदा त्याहूनही आधीचा, १९६१ चा आहे. उणीव आहे ती संघटनेच्या वाट्याची. आपल्याकडे उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर, अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ झाली.

कार्यकर्त्यांना यास्तव माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या प्रत्येकाची एक नोंदवही ठेवा. कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर, किती वर्षे, कोणकोणत्या ठेकेदाराकडे आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कोणता, हे तीत लिहा. ठेकेदार बदलला तरी माणसाची वर्षे बदलू नयेत, ही मागणी कागदाच्या आधाराने करता येईल. दुसरी : चौदा वर्षे रिॲक्टर सांभाळणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला शासनाने कसबाचा दाखला द्यावा आणि त्या दाखल्याला वेतनाची जोड असावी, असा आग्रह धरा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रियांविषयीची माहिती मिळण्याचा हक्क कामगारांना कायद्याने देण्यात आला, तो उगीच नव्हे. रासायनिक कारखान्यात कौशल्याचा प्रश्न हा जिवाचाही प्रश्न असतो. तिसरी : दहावी झालेल्या मुलांच्या घरी मे-जूनमध्ये जा आणि अर्ज, दाखले व शिष्यवृत्ती यांची माहिती द्या. माहितीच्या अभावी जेवढी मुले गळतात, तेवढी बुद्धीच्या अभावी गळत नाहीत.

आणि आता त्या बाईंना उत्तर देतो. ताई, जमीन विकू नका. मुलाचे गुण चांगले असतील तर त्याला शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेला घाला. पदविका झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. गुण मध्यम असतील तर आयटीआयमध्ये रासायनिक कारखान्याच्या ऑपरेटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कारखाने दाराशीच आहेत. पुढे काम करता करता नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येईल. शुल्काच्या सवलती त्याला मिळतील, पण त्या मुदतीत मागाव्या लागतात.

दुसरी गोष्ट, तुम्ही मुलाविषयी विचारलेत. त्या दिवशी तुमच्या हाताला धरून मुलगी उभी होती, तिच्याविषयी विचारले नाहीत. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४ साली घेतला. तिच्यासाठी तर गुंठाही विकण्याचे कारण नाही. तिला प्रथम शिकवा.

आणि तिसरी गोष्ट. तुमचा मुलगा इंजिनिअर झाला तरी त्याला संघटनेत घाला. माझ्या त्या बी. एस्सी. विद्यार्थ्याला मी पदवी मिळवून देण्यास हातभार लावला. पदवीच्या पलीकडे आणखी कशाची गरज लागेल, हे मात्र मी त्याला वर्गात कधी सांगितले नाही. ती चूक माझी आहे, आणि ती दुरुस्त करण्यासाठी मी आज येथे आलो आहे.