आपल्या हाताची गिटार

गोंधळ्याचे तुणतुणे आपण सर्वांनीच पाहिले आहे. लाकडाचे पोकळ भांडे, त्याच्या बुडाला ताणलेले कातडे, एक काठी आणि एक तार. तार एकटी फारशी बोलत नाही. तिला बोलते करते ती पोकळी. एवढे ध्यानात ठेवलेत, तर आजचा विषय अवघड वाटणार नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळचे शेंद्रा हे गाव मांगीरबाबांच्या यात्रेसाठी ओळखले जाते. आता तिथे मोठी औद्योगिक वसाहतही आहे, आणि आसपासच्या खेड्यांतली मुले तिथे यंत्रांवर काम करतात. समजा, अशा एखाद्या मुलाच्या मनात आले की, आपल्या हाताला बेतलेली गिटार आपणच करावी. ती नुसतीही वाजावी आणि विजेवरही वाजावी. मग त्याने काय करावे?

आधी त्याने मिरजेकडे पाहावे. तिथले सतारमेकर दीडशे वर्षांहून अधिक काळ भोपळा आणि तुणीचे लाकूड यांतून सतारी व तंबोरे घडवीत आले आहेत. या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्याकडून घ्यायचा पहिला धडा असा, की लाकूड पुरते वाळल्याखेरीज त्याला हात लावू नये. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते. ओल्या लाकडाची मान वर्षभरात वाकते, आणि केलेली मेहनत फुकट जाते.

आता विजेचे पाहू. पोलादी तारांखाली लोहचुंबक बसवतात आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे देतात. तार हलली की वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलेला हाच तो नियम. नायलॉनची तार इथे मुकी राहते, बरं का!

पण मग एक अडचण उभी राहते. माईक कर्ण्यासमोर आला की कर्णा कसा किंचाळतो, ते आपण सभांतून ऐकलेच आहे. पोकळ गिटारीचेही तसेच होते. कर्ण्याचा आवाज पोकळीत शिरतो, पोकळी तारा हलवते, आणि तोच आवाज पुन्हा कर्ण्यात जातो. पेटी सगळी भरीव केली तर किंचाळी थांबते, पण पोकळीचा गोडवाही जातो. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने 1958 साली यावर मधला मार्ग काढला. पेटीच्या मधोमध, मानेपासून शेपटापर्यंत, भरीव ठोकळा ठेवायचा आणि दोन्ही कुशी पोकळ सोडायच्या. आपल्या मुलाने हाच आराखडा धरावा. मानेवरच्या पट्टीला आपले शिसव उत्तम. जगभर त्याला मागणी आहे.

खरी परीक्षा पुढेच आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर चुकला तर पडदा सरकवता येतो. गिटारीचे पडदे पट्टीत खाच पाडून ठोकलेले असतात. तिथे चूक झाली की ती कायमची. म्हणून गुरुजनांना माझी विनंती आहे की, हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवा. तारेची लांबी 630 मिलिमीटर धरा. तिला 17.817 ने भागा, 35.36 आले. वरच्या टोकापासून एवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा तितक्यानेच भागले की पहिल्या पडद्यापासून दुसऱ्याचे अंतर मिळते, ते 33.37. असे करीत गेलात की बारावा पडदा बरोबर मध्यावर, 315 वर येतो. तो तिथे आला नाही, तर करवत हाती घेऊच नका.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. वाजवणाऱ्याचा हात सतत तारांवर असतो. तेव्हा आवाज वाढवणाऱ्या यंत्राला अर्थिंग असलेच पाहिजे. तिथे कंजुषी नको.

पहिली गिटार कदाचित बेसूर निघेल. म्हणून ती महागाच्या लाकडाची करू नये. पण कारखान्यात दुसऱ्याच्या मापाने चालणारा हात घरी स्वतःच्या मापाने चालू लागला, तर तो मुलगा नुसता कामगार राहत नाही, कारागीर होतो. मिरजेची वाद्ये अशाच हातांनी घडली आहेत. असे हात आपल्याही गावात आहेत. त्यांच्या हाती एक पट्टी, एक करवत आणि थोडा धीर द्या, एवढेच माझे सांगणे.