काम सोपवणारा विश्वास



मराठीत लिहिणारे-वाचणारे आपण ख्रिस्ती लोक पंचवटीत जमलो आहोत. गोदावरीच्या या काठावर रामकुंड आणि काळारामाचे मंदिर आहे, पलीकडे शहरात शरणपूर आहे आणि नाशिकजवळच जलालपूर हे लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव आहे. माझा आजचा विषय या परिसराशी जोडलेला आहे. ख्रिस्ती जीवनात एकमेकांना उत्तेजन द्यावे, ही आज्ञा आपण दर रविवारी कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकतो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रात ती आहे, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर एकत्र येणे न सोडण्याच्या विनंतीलाच ती जोडलेली आहे. पण आपल्याकडे तिचा अर्थ फार आक्रसला आहे. कुणाची शाल-श्रीफळ देऊन बोळवण करायची, कुणाला सकाळी व्हॉट्सॲपवर वचन पाठवायचे, साक्ष देणाऱ्याला उपासनेनंतर 'छान बोललात' म्हणायचे, एवढ्यावर आपण समाधानी असतो. हे सगळे प्रेमाने होते, त्याला मी नावे ठेवत नाही. माझे म्हणणे असे की, मराठी ख्रिस्ती माणसांच्या इतिहासात जे उत्तेजन टिकले आणि फळले, त्याचे स्वरूप वेगळे होते. कुणीतरी दुसऱ्याची लायकी सिद्ध होण्याआधीच त्याच्या हाती खरे काम दिले, त्याला लागेल तेवढा वेळ दिला आणि त्या काळात त्याची साथ सोडली नाही.

नव्या कराराची साक्ष याच बाजूची आहे. शौल यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला घाबरत होते, आणि त्यांचे घाबरणे रास्त होते, कारण त्याने त्यांच्यातल्यांना तुरुंगात धाडले होते. बर्णबाने त्याला प्रेषितांपुढे नेऊन उभे केले. पुढे अंत्युखियात शिकवणाऱ्यांची गरज पडली तेव्हा तो मुद्दाम तार्सास गेला, शौलाला शोधून घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर तिथल्या मंडळीला शिकवले. या हकिकतीत बर्णबाने शौलाची स्तुती किती केली हे कुठे आलेले नाही. त्याने स्वतःची पत पणाला लावली आणि कामातला अर्धा वाटा दिला, एवढेच आले आहे. त्याच बर्णबाने नंतर, अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या मार्काला पुन्हा सोबत घेण्यासाठी पौलाशीच, म्हणजे त्याच शौलाशी, वाद घातला आणि त्याच्यापासून वेगळे होणे पत्करले. उत्तेजनाची अशी किंमत मोजावी लागते, हे आपल्या प्रवचनांत फारसे येत नाही.

आता शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वसाहत १८५४ साली वसवली. इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबई बंदरात उतरवली जात, त्यांतली पुष्कळशी इथे आली. अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकून ही मुले मोठी झाली. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ साली आफ्रिकेतल्या आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्या तांड्यात नाशिकचे नऊ तरुण होते, आणि १८७२ साली आणखी एक तुकडी त्यांना जाऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट होता. १ मे १८७३च्या सुमारास आफ्रिकेच्या अंतर्भागात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. त्या क्षणी तिथे एकही युरोपीय माणूस नव्हता, हुकूम देणारे कुणी नव्हते. तांड्यातल्या सुसी, चुमा, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी आपसांत विचार करून ठरवले की शव समुद्रापर्यंत न्यायचे. हृदय तिथेच झाडाखाली पुरले, त्या वेळी जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. मग आजारपण, भीती आणि वाटेतल्या गावांचा विरोध सोसत महिनोन् महिने चालून ते १८७४च्या फेब्रुवारीत किनाऱ्याला पोचले. वाटेत त्यांच्यातले काही जण दगावले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत जेकब होता. त्या तांड्यातले सगळे ख्रिस्ती नव्हते. सुसी तर त्या वेळी ख्रिस्ती नव्हताच, आणि सगळ्यांत जास्त जबाबदारी त्याच्याच खांद्यावर होती. तरी शरणपूरच्या शाळेला याचे काही श्रेय आहे, ते असे की गुलामगिरीतून आलेल्या जेकबसारख्या पोराला तिने वाचायला आणि लिहायला शिकवले, आणि ऐन प्रसंगी त्या वाचण्या-लिहिण्याचा भार पेलण्याची हिंमत त्याच्यात होती. शरणपूरच्या आफ्रिकन मुलांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन परिसरात धर्मगुरू झाले. नाशिककरांनाही आज ही कथा फारशी ठाऊक नाही, आणि ती मराठीत नीट लिहिली जावी अशी माझी फार इच्छा आहे.

पण माझ्या म्हणण्याचा सगळ्यांत भरभक्कम पुरावा टिळकांच्या घरात आहे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परक्या प्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे त्या बहीण-मेहुण्यांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या, टिळक लिहीत राहिले, येत-जात राहिले. पुढे एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक सांभाळला आणि टिळकांनी तो सांभाळू दिला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो जातिभेदाचा प्रश्न स्वतःच्या डोक्याने सोडवल्यावर. माणसाला देवाने केले, जाती माणसांनी केल्या, हा निष्कर्ष त्यांचा त्यांनी काढला. या पाच वर्षांकडे आपण बहुधा दुःखाची कहाणी म्हणून पाहतो, आणि दुःख त्यात होतेच. मला मात्र त्यात एका तापट, उतावळ्या माणसाने बायकोच्या विवेकाला दिलेला मान दिसतो. टिळक तापट होते हे खुद्द लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवले आहे. घाई करून, दटावून, मुलाचा धाक घालून त्यांना आपल्या बाजूला आणणे त्या काळच्या नवऱ्याला अशक्य नव्हते. तसे झाले असते तर एक नाव मंडळीच्या वहीत वाढले असते, लक्ष्मीबाईंच्या आठवणींची 'स्मृतिचित्रे' मात्र मराठीला मिळाली नसती.

आणि 'स्मृतिचित्रे' जन्माला कशी आली तेही पाहा. शाळेत न गेलेल्या या बाईला टिळकांनीच वाचायला शिकवले होते. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले, तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे सुरुवातीचेच काही अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी ते काव्य हाती घेतले आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले. नवऱ्याचे महाकाव्य पुरे करायला आपण पात्र आहोत का, असा प्रश्न त्यांना कुणी विचारत बसले नाही. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागू लागला, म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. त्या 'संजीवनी' या नियतकालिकात क्रमशः येऊ लागल्या आणि १९३४ पासून पुस्तकरूपाने निघाल्या. शेवटचा भाग तर लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्यानंतर देवदत्तांनी पुरा केला. म्हणजे नवऱ्याचे काम बायकोने पुढे नेले आणि आईचे काम मुलाने. या घरात उत्तेजन एकमेकांच्या अपुऱ्या वह्या हाती घेण्यात होते. बालकवींची गोष्टही याच घरची. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात चमकलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला टिळकांनी नगरला आपल्या घरी आणले, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले. ठोंबऱ्यांनी धर्म बदलला नाही आणि त्या घरातली त्यांची जागा त्यामुळे रतिभरही कमी झाली नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की उत्तेजनाचा असा मोठेपणा सांगितला तर शिस्त आणि सत्य यांचे काय? चुकणाऱ्याला सांभाळून घेत राहिले तर मंडळी ढिली पडते, हे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. मार्काबद्दल पौलाचे म्हणणे चूक होते असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. पण 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचा. टिळकांचा रागीटपणा, पैशाबाबतचा निष्काळजीपणा, घरच्यांना न सांगता घेतलेले निर्णय, काहीही लक्ष्मीबाईंनी झाकले नाही. तरी त्या पुस्तकातून टिळकांचा मोठेपणा जितका उभा राहतो तितका एखाद्या गौरवग्रंथातून राहत नाही. सत्य सांगणे आणि साथ न सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीला साधतात, याचा पुरावा आपल्याच भाषेत पडलेला आहे. सत्य लपवून दिलेली शाबासकी घेणाऱ्यालाही पोकळ वाटते, आणि हे नवोदित लेखकांना आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा लवकर कळते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मिशनच्या काळात उत्तेजन आणि पगार एकाच हातातून येत होते. मग त्या उत्तेजनात मोकळेपणा कितीसा असणार? बायबल-बाई, कॅटेकिस्ट, शाळामास्तर सगळेच मिशनचे नोकर. त्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्य झिजवले आणि त्यांची नावे फक्त अहवालांत उरली. हे खरे आहे, आणि त्याबद्दल आपल्याला खंत वाटली पाहिजे. टिळकांनाही ती वाटली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांच्या बंधुत्वासाठी. दोन वर्षांत ते गेले, प्रयोग विरला. पण त्यांनी ओळखलेली गोष्ट विरली नाही: जो पगार देतो त्याच्याकडूनच सगळे उत्तेजन आले तर माणूस कायम आश्रित राहतो. आज मिशन नाही, पण संस्था आहेत, ट्रस्ट आहेत, पदे आहेत. मंडळीतला तरुण पदाधिकाऱ्याच्या मर्जीवर बोलतो-लिहितो अशी परिस्थिती आजही काही ठिकाणी दिसते. बरोबरीच्या माणसांनी बरोबरीच्या माणसांना दिलेले बळ वाढेल तेवढी ही मर्जी कमी होईल.

तिसरी शंका मला स्वतःला सर्वांत जास्त छळते. आपण 'एकमेकांना' म्हणतो तेव्हा त्यात कोण कोण मोडतात? इथून थोड्याच अंतरावर, काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्रीपुरुषांनी तो वर्षानुवर्षे चालवला आणि दार उघडले नाही. त्या सत्याग्रहींनी एकमेकांना कसे धरून ठेवले असेल, हे ख्रिस्ती माणसाने आदराने अभ्यासावे असे आहे. आपल्याकडे दार उघडे होते, पण नगर जिल्ह्यातल्या जुन्या मंडळ्यांत पूर्वाश्रमीचे महार आणि पूर्वाश्रमीचे मांग यांच्यातले अंतर मिशनऱ्यांनाही पुसता आले नाही, आणि लग्न जुळवताना ते अजून डोके वर काढते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातींच्या सवलतींना पात्र ठरत नाही. शिखांचा समावेश १९५६ साली झाला, बौद्धांचा १९९० साली. कायद्याचा हा प्रश्न कायद्याच्या वाटेने सुटेल. पण सरकारने नाकारलेल्या माणसाला मंडळीनेही मागच्या बाकावर बसवले, तर त्याला आपण कुठल्या तोंडाने वचन पाठवायचे? त्याच्या हाती वेदी, व्यासपीठ आणि हिशेबाची वही जायला हवी.

माझ्यासमोर लेखक बसले आहेत, म्हणून शेवटचे बोलणे लेखनाविषयी. मराठी ख्रिस्ती लेखकाचा वाचक केवळ ख्रिस्ती नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा साऱ्या मराठी समाजाने आपल्यावर विश्वास टाकला. त्या विश्वासाला उतरायचे तर नवे लेखक हवेत, आणि ते टाळ्यांनी तयार होत नाहीत. गावोगावी भजन-कीर्तन करणाऱ्या वृद्धांच्या वह्या पेट्यांत पडून आहेत, शरणपूरचा इतिहास लिहायचा आहे, बायबल-बायांची चरित्रे जुन्या 'ज्ञानोदय'च्या अंकांत विखुरली आहेत. आज दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. इथल्या प्रत्येक प्रस्थापित लेखकाने यांतले एक काम एका नवोदिताला, शक्यतो आपल्या पंथाबाहेरच्या, नावानिशी सोपवावे. वर्षभर त्याचे लेखन ओळीओळीने वाचावे, चूक असेल तिथे चूक म्हणावे, आणि पुढच्या संमेलनात व्यासपीठावर बोलण्याची आपली वेळ त्याला द्यावी. नावांची यादी आज संध्याकाळपर्यंत कार्यवाहांकडे पोचावी, अशी माझी विनंती आहे.