वादळवाऱ्यात आपली अपंग माणसे
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंडपात वादळाच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण हा विषय उघडिपीतच काढला पाहिजे. पाऊस लागला की आपण सारे आपापल्या घरात अडकतो.

जोयडा तालुका समुद्रकाठचा नव्हे. म्हणून चक्रीवादळ ही कारवार-भटकळची काळजी, असे आपण धरून चालतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाजूने वर सरकत गेले आणि १७ मे रोजी गुजरातेत जमिनीवर आले. अशा वादळाचा घेरा मोठा असतो. त्याचा वारा-पाऊस घाटमाथ्यावरही चढतो. आपल्या दारात समुद्र येत नाही, झाड येते. रानातून आलेली विजेची तार एका फांदीने तुटते, एका बुंध्याने रस्ता बंद होतो, ओढा चढला की साकव बुडतो. टॉवरची बॅटरी उतरली की मोबाईल हा नुसता खोका. अणशी, डिग्गी, कॅसलरॉक या बाजूच्या मंडळींना हे सांगायला नको. अरबी समुद्रात ही वादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उठतात. २००९ चे फयान नोव्हेंबरातले.

धडधाकट माणूस अशा वेळी कसाबसा निभावून नेतो. पण ज्याला दिसत नाही, तो आपली वाट पायांनी आणि कुंपणाच्या स्पर्शाने ओळखतो. वादळानंतर कुंपण आडवे झालेले असते आणि रोजची वाट परकी होते. शिवाय पडलेली तार त्याला दिसायची नाही. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या दारावर मध्यरात्री मारलेल्या हाका व्यर्थ. त्याच्यासाठी विजेरीचा उजेड, खांद्यावर हात, आणि ‘निघायचे आहे’ याची आधी ठरलेली खूण हवी. फेफऱ्याच्या रुग्णाचे औषध एकाएकी तुटले तर झटका येऊ शकतो. म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाव्यात. घरात विजेवर चालणारे श्वासाचे यंत्र असेल, तर इशारा मिळताच दांडेलीला कुणा नातलगाकडे जाणे बरे. तेथे जाण्यात कमीपणा कसला?

सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ हा शब्द आला आहे. शब्द चांगलाच आहे, पण त्याने कुणी पायऱ्या उतरत नाही. कायद्याने मात्र एक नेमकी गोष्ट सांगितली आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील आठव्या कलमाप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंग व्यक्तींची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची सूचना त्यांना पोचेल अशी तजवीजही करायची आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. तो आपण मागावा. तरीही अमक्या वाडीवरचे आजोबा पावसाळ्यात मागच्या पडवीत निजतात, हे कारवारच्या दप्तराला कसे कळावे? ते शेजाऱ्याला ठाऊक असते. आणि रस्ता मोकळा होईपर्यंत शेजारीच काय तो हाताशी असतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. न्यासाने वाडीवार एक वही करावी. तीत त्या माणसाचे नाव, त्याला कोणती मदत लागते, औषध कोणते, आणि त्याच्याकडे धावून जाणारे दोन शेजारी कोण, एवढे असावे. दोन अशासाठी की एक जण नेमका त्याच दिवशी बेळगावला गेलेला असतो! नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे. ‘आम्ही तुम्हाला उचलून नेऊ’ म्हणण्याआधी ‘तुम्हाला कसे उचलू?’ हा प्रश्न हवा.

या उचलण्याविषयी दोन शब्द अधिक बोलतो. कांबळीची झोळी करून आजाऱ्याला नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही, त्याला झोळीत घासले, दाबले तरी कळत नाही. कातडी सोलून निघते आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. खाली जाड गोधडी घालावी आणि वाटेत थांबून त्याची कूस बदलावी. काखेत हात घालून ओढू नये. कुबडी, चाकांची खुर्ची, कानाचे यंत्र आणि त्याचे सेल माणसाबरोबरच निघाले पाहिजेत. ‘मागाहून आणू’ म्हणून कुबडी घरी राहिली, तर चालता येणारा माणूस शाळेच्या कोपऱ्यात चार दिवस बसून काढतो.

शाळेचेही पाहून ठेवावे. व्हरांड्याला पायऱ्या, शौचकूप पटांगणाच्या पार टोकाला. अशा ठिकाणी पांगळी बाई पाणी पिणेच सोडते, कारण दर वेळी कुणाला उठवायचे? तिच्यासाठी आडोसा, बादली आणि सोबतीला एक बाई, एवढी व्यवस्था पैशांवाचून होते.

आपल्या सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी; त्याहून उभा उतार चाकाच्या खुर्चीला चढवत नाही. महोत्सवाच्या खर्चात ते काम बसावे.

वही मी आजच आणली आहे. ती दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना आपापल्या वाडीच्या पानावर, ज्यांना विचारून आला असाल त्यांची नावे लिहा. ज्यांना विचारायचे राहिले असेल त्यांनी पान कोरे ठेवावे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मी स्वतः वाडीवाडीतून फिरणार आहे, आणि दसऱ्यानंतर पुन्हा एकदा.