रस्त्याखालची वीज



नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्णपणे खुला झाला. मंगरूळपीर तालुक्यात तो शेलूबाजारजवळून जातो. त्यावरून अहोरात्र धावणारी अवजड वाहने पाहून, या चाकांच्या दाबापासून वीज निर्माण करून ती ओलितासाठी वापरता येणार नाही काय, असा प्रश्न एखाद्या शेतकऱ्याच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे.

प्रश्न शास्त्राला धरूनच आहे. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार प्रकट होतो, हे पिअर व झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंना १८८० साली आढळून आले. या गुणधर्मास दाबविद्युत म्हणतात. गॅस पेटविण्याच्या लायटरचा खटका दाबताच ठिणगी पडते, ती याच तत्त्वाने. इझ्राएलमध्ये २००९ साली डांबरी रस्त्याखाली असे घटक पुरून प्रयोगही करण्यात आला.

मात्र ठिणगी पडणे वेगळे आणि मोटारपंप चालणे वेगळे. मालमोटारीच्या मागील आसाच्या एका बाजूवर पाच टन भार आहे आणि त्याखालची पट्टी एक मिलिमीटर दबते, असे धरू. प्रत्यक्षात ती इतकी दबतही नाही. तरी त्या एका दाबातून सुमारे २५ ज्यूल ऊर्जा मिळेल. विजेच्या एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे काहीही वाया गेले नाही, तरी एका युनिटासाठी त्या पट्टीवर असे १ लाख ४४ हजार दाब पडावे लागतील! पाच अश्वशक्तीचा पंप ते युनिट जेमतेम पाव तासात संपवितो.

पट्ट्या हजारो घालता येतील. पण ही ऊर्जा फुकटची नव्हे. पट्टी दबते तेव्हा इंजिनाला तेवढा अधिक जोर लावावा लागतो. डिझेलचा तो खर्च प्रथम मोटारमालक सोसतो आणि पुढे संत्र्यांच्या व सोयाबीनच्या भाड्यातून तो शेतकऱ्याच्याच माथी येतो. उतारावर किंवा जेथे ब्रेक लावावाच लागतो अशा ठिकाणी हा आक्षेप राहत नाही, परंतु अशा जागा थोड्या. शिवाय पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी विदर्भातील काळी जमीन साध्या रस्त्यालाही स्वस्थ बसू देत नाही. तेथे पुरलेल्या नाजूक घटकांची दुरुस्ती म्हणजे पुन्हा रस्ता खोदणे आले.

या स्फटिकांचे रस्त्यावरील खरे काम निराळे आहे. वाहन न थांबविता त्याचे वजन करणे आणि वाहने मोजणे, यासाठी दाबविद्युत संवेदक वापरले जातात. क्षमतेपेक्षा अधिक माल भरलेल्या गाड्यांमुळे रस्ते किती लवकर खचतात, हे ग्रामीण भागास सांगावयास नको.

विजेसाठी मात्र रस्त्याखाली नव्हे, रस्त्याच्या कडेला पाहावे. एक चौरस मीटर सौर पट्टिका स्वच्छ उन्हाच्या एका दिवसात सुमारे एक युनिट वीज देते. शेजारच्या कारंजा लाड येथे समृद्धी महामार्गालगतच्या जागेवर अशी वीजनिर्मिती सुरूही झाली आहे.