एका वर्गातले सहा पाडे



जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. नव्या मुलांना कुठे बैलगाडीतून मिरवत आणतात, कुठे ढोल-ताशा लावतात. हातात गुलाबाचं फूल, पुस्तकांचा संच, पोषण आहारात काहीतरी गोड. सरपंच येतात, फोटो निघतात. चांगलंच आहे ते. पण मला बोलायचंय ते चौथ्या-पाचव्या दिवसाबद्दल. तोवर दारावरचं तोरण सुकलेलं असतं, आणि वर्गशिक्षकांसमोर तीस-चाळीस मुलं नुसती बसलेली असतात.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वाडी-पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी चौथी-पाचवीपर्यंत. पुढचं शिकायचं तर मूल किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई अशा मोठ्या गावातल्या शाळेत येतं, नाहीतर आश्रमशाळेत राहायला जातं. त्यामुळे एका वर्गात पाच-सहा पाडे जमा होतात. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी, आणि महामार्गालगतच्या गावांत कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं. बोलीही निरनिराळ्या. गुरुजी किंवा बाई बरेचदा मराठवाड्यातून, खानदेशातून बदलून आलेल्या. त्यांची बोली आणखी वेगळी. मुलं बसतात ती पाड्यापाड्यानं. बाईंनी रांगा मोडून बसवलं, तर मधल्या सुटीनंतर पुन्हा जैसे थे. कातकरी मुलं बरेचदा दाराजवळची जागा धरतात.

ह्या सगळ्यांची मोट बांधायची म्हणून शाळा काय करते? खेळ घेते. संगीतखुर्ची, चमचा-लिंबू, फुगे फोडणं. ह्या खेळांवर माझा राग नाही, पण संगीतखुर्चीत पहिल्यांदा बाहेर कोण पडतं ते एकदा बघा. जे मूल आधीच बुजलेलं आहे, ज्याला दुसऱ्याला ढकलून खुर्ची पकडायचा धीर होत नाही, ते पहिलं बाहेर. मग उरलेला वेळ ते भिंतीला टेकून इतरांच्या टाळ्या ऐकतं. ज्याला मिसळवून घ्यायचं, त्यालाच खेळानं बाजूला काढलं. दुसरी सवय म्हणजे वर्गाचे दोन तट पाडायचे आणि सतत गुण लावायचे. त्यानं हुरूप येतो खरा. पुढे काय होतं, ह्याचा एक गाजलेला प्रयोग आहे.

1954 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 22 मुलं एका शिबिरात नेली. वयं अकरा-बाराची, म्हणजे आपली सहावीची मुलं. एकमेकांना न ओळखणारी. त्यांचे दोन गट केले, दोन्हींनी आपापली नावं ठेवली, झेंडे केले. मग बेसबॉल, रस्सीखेच अशा चढाओढी लावून जिंकणाऱ्याला बक्षीस ठेवलं. थोड्याच दिवसांत मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, रात्री दुसऱ्या गटाच्या खोल्यांवर धाडी घातल्या. मग शेरीफ मंडळींनी त्यांना एकत्र जेवायला बसवून पाहिलं, एकत्र सिनेमा दाखवून पाहिला. जेवताना मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वळण आलं ते पाण्यामुळे. शिबिराचं पाणी बंद पडलं (बंद पाडलं होतं म्हणा), आणि बिघाड शोधायला दोन्ही गटांना टाकीपर्यंत जावं लागलं. पुढे जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचाच दोर त्याला बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. अशी दोन-चार कामं झाल्यावर, घरी परतताना सगळे एकाच बसनं जाऊ म्हणाले.

मुलांना न सांगता त्यांच्यात वैर लावून बघणं मला पटत नाही. आज असा प्रयोग कुणी करू देणारही नाही. पण निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. नुसतं एकत्र बसवून मुलं एक होत नाहीत. सगळ्यांचा हात लागल्याशिवाय होणार नाही, असं काम त्यांच्यापुढे ठेवावं लागतं. आणि पाणी बंद पडणं! मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा भार आमच्या भातसा धरणावर आहे, तानसा धरणही आमच्याच शहापूर तालुक्यात, आणि मे महिन्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतात. हंडा-कळशीच्या रांगेत उभं राहून ही मुलं शाळेत आलेली असतात. पाण्याची अडचण मुद्दाम उभी करायची आम्हांला गरज नाही.

तेव्हा खेळ निवडायचाच, तर नियमानंच सगळ्यांना गुंतवणारा निवडावा. आपल्याकडे खो-खो आहे. मधल्या पाटीवर आठ जण बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे, आणि नववा पाठलाग करणारा. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा बदलता येत नाही. पळणारा मात्र मोकळा, हवा तसा नागमोडी जातो. म्हणजे एकटा कितीही चपळ असो, त्याला बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' द्यावाच लागतो. थाप आधी आणि शब्द नंतर, दोन्ही नीट. अधीर मूल थाप पडायच्या आतच उठतं आणि चूक होते. पाचवीच्या वर्गात दोन-तीन डाव झाले की दिसायला लागतं: गावातला मुलगा पाड्यावरच्या मुलीला खो देतो, कारण पळणारा नेमका तिच्यासमोरून चाललाय. जातपात, पाडा, मुलगा-मुलगी बघायला वेळच नसतो. एरवी हाताला हात लावायला लाजणारी मुलं पाठीवर सणसणीत थाप देतात. शिक्षकानं एवढंच पाहायचं की शेजारी शेजारी एकाच पाड्याची मुलं बसणार नाहीत. जूनमध्ये मैदानात चिखल असतो, तर पडवीत पाच जणांचा छोटा खो-खो घ्यावा. मुलं तक्रार करत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला ह्या खेळाचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. हे वर्गात सांगायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मला खेळापेक्षाही मोलाची वाटते. 1971 च्या सुमारास, अमेरिकेतच, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग एक झाले आणि रोज भांडणं होऊ लागली. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन ह्यांनी एक साधी युक्ती केली. धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा तर प्रत्येकाचं ऐकणं भाग. आपल्याकडे धडा कापायचीही गरज नाही, कारण ह्या मुलांकडे ज्ञान आधीच वाटलेलं आहे.

रानभाज्यांचंच घ्या. पहिला पाऊस पडला की शेवळं उगवतात, मग टाकळा, कवळा, लोत, भारंगी, पुढे कुर्डू. शाळेच्या आवाराबाहेर पाच-पाच जणांचे गट पाठवावेत, अर्थात शिक्षकांना बरोबर घेऊन आणि कच्चं काही तोंडात न घालण्याच्या अटीवर. वर्गात ज्याच्या तोंडून महिनाभर शब्द निघालेला नाही, तो कातकरी किंवा ठाकूर मुलगा इथे पुढे चालतो. बाकीच्यांना गवत दिसतं, त्याला भाजी दिसते. शेवळं खाजरी असतात, ती खाज मारायला काकडाची फळं घालावी लागतात, हे तो बाईंनाही सांगतो, आणि लातूरहून आलेल्या बाई खरोखरच वहीत लिहून घेतात. ते लिहून घेणं वर्ग बघत असतो. दुसऱ्या दिवशी ह्या मुलाला कुणी आडनावानं हाक मारत नाही.

वाटेचा नकाशाही तसाच. एक मोठा कागद जमिनीवर पसरायचा, मध्ये शाळा काढायची आणि प्रत्येकानं आपल्या घरापासूनची वाट काढायची: ओढे, साकव, चढ, कुत्री अंगावर येतात ते घर. भारंगी नदीच्या काठच्या मुलाचा नकाशा वेगळा, काळू नदीच्या काठच्याचा वेगळा. पूर्ण नकाशा एकालाही ठाऊक नसतो, गुरुजींना तर नाहीच. आणि जुलैत जोराचा पाऊस झाला की कोणत्या ओढ्याला पाणी चढेल आणि कोण शाळेत पोचणार नाही, हे अख्ख्या वर्गाला आधीच कळलेलं असतं.

वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतील. 2024 पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात 10 दिवस दप्तराविना सांगितले आहेत. हे शनिवार गोळा करून वर्षअखेरच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला देण्यापेक्षा जून-जुलैतच खर्च करावेत, असं माझं मत आहे.

खरी पारख जुलैत होते. भाताची आवणी लागली की पटावरची मुलं कमी दिसू लागतात. घरी माणूसबळ हवं असतं, मूल राबाजवळ रोपांच्या मुठी उचलत असतं. त्याला आळशी म्हणू नये. माळशेज घाट चढून जुन्नर-आंबेगावकडे गेलात तर पडकईची रीत आहे: आज सगळ्यांनी मिळून माझं शेत, उद्या तुझं. वर्गातही तेच करता येतं. आठवडा बुडवून आलेल्या मुलाला गटातल्या दोघांनी मधल्या सुटीत राहिलेलं सांगायचं, आणि आवणीत किती मुठींना किती खाचर लागलं, हे गणित त्यानं त्यांना घालायचं.

दिवाळी झाली की काही कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. अशा मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. भट्टीवर जाण्याआधी ते मुलांच्या हातात पडेल हे पाहावं. आणि जूनमध्ये गट करताना एक ध्यानात ठेवा. भट्टीवर जाणारी मुलं सोयीचं म्हणून एकाच गटात घालू नका. नोव्हेंबरात तो गटच्या गट उठून जातो आणि बाकी वर्गाला पत्ताही लागत नाही. प्रत्येक गटात त्यांच्यातलं एक मूल असू द्या, म्हणजे ते कुठे गेलं आणि कधी येणार, असं चार जण तरी गुरुजींना येऊन विचारतील.